डॉक्टरकाका आणि युद्धावर गेलेली खेचरं

“आधी काम केलं, रॉयल नंतर झाले,” असं म्हणून डॉक्टरकाका चष्मा कपाळावर चढवायचे. अमेरिकेतल्या आमच्या डब्लिनमध्ये कुणाला प्रमोशन मिळालं, की हे वाक्य ठरलेलं. नव्या माणसाला वाटायचं, काका राजघराण्याबद्दल बोलताहेत.

काका बोलत असायचे ब्रिटिश सैन्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांबद्दल. त्यांच्या दलाला ‘रॉयल’ ही पदवी मिळाली ती पहिलं महायुद्ध संपता संपता. काकांना हे वेड वडिलांकडून आलेलं. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे वडील ब्रह्मदेशात खेचरांची मलमपट्टी करायचे. काका स्वतः साताऱ्याकडच्या सरकारी गुरांच्या दवाखान्यातून रिटायर झाले आणि मुलीकडे, म्हणजे आमच्या शेजारी, राहायला आले. इथं हाताला काम नव्हतं. मग रस्त्यात भेटणाऱ्या कुत्र्यांची, मालकाला विचारून, चौकशी करत हिंडायचे.

एका गणपतीत मंडळानं त्यांना मुलांसमोर बोलायला उभं केलं. अमेरिकेतली घोडे-खेचरं बोटीत घालून फ्रान्सच्या आघाडीवर कशी नेली, चिखलात कशी रुतली, त्यांच्यासाठी इस्पितळं कशी उभारली, काकांनी सगळं सांगितलं. माझी नऊ वर्षांची ईरा उठली. “Did they come home?”

“नाही बेटा. बहुतेक नाही आले.”

ईरा रडायला लागली. मुलांना कशाला असलं सांगायचं, अशी मागे कुजबुज झाली.

घरी ईरानं धोशा लावला, खेचर बघायचंच. म्हणून एका रविवारी मी दोघांना गावाबाहेरच्या एका शेतावर घेऊन गेलो. तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं काकांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, त्याच्या पणजोबांनी हातानं वाढवलेली खेचरांची जोडी त्या युद्धात ब्रिटिशांना विकली होती. त्यांचं पुढं काय झालं, हे पणजोबा मरेपर्यंत विचारत होते. त्यानं काकांना विचारलं, परत आली असतील का?

ईरा काकांकडे बघत होती. मला वाटलं, आता तरी काहीतरी गोड सांगावं.

काकांनी सावकाश इंग्रजीत सांगितलं, परत आली नसतील. मग म्हणाले, “तुमच्या जोडीचं मला ठाऊक नाही. पण आजारी खेचराजवळ रात्रभर माणूस बसायचा. माझे वडील बसलेत.”

शेतकऱ्यानं खेचरांकडं जायचं फाटक उघडलं.

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवार तिथंच गेला. काका खूर तपासायचे, ईरा बादली धरायची, आणि दोघे म्हातारे माझ्या आईनं बांधून दिलेल्या डिंकाच्या लाडवांवरून हुज्जत घालायचे. काकांना इतकं खुशीत मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या थंडीत काका झोपेतच गेले. दुपारी तो शेतकरी आला. काकांच्या दाराशी बूट काढले, टोपी काढली आणि कुणाला काही न विचारता आमच्यात सतरंजीवर मांडी घालून बसला. मांडी त्याला धड जमत नव्हती. ईरा सरकली, आणि त्यानं तिच्या खांद्याचा आधार घेतला.