पाचवं नाव

मी सावंतवाडीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपुरात भाड्याची गाडी चालवतो. एकदा एका वयस्क कापूस व्यापाऱ्याला नागपूरच्या विमानतळावर सोडायला निघालो होतो. वाटेत बहिणीचा फोन आला, आईचं काही खरं नाही. रेल्वेनं गावी पोचायला दोन दिवस लागले असते. गाडी चालवता चालवताच मी रडत त्यांना सगळं सांगितलं.

"गाडी बाजूले घे," ते मागून म्हणाले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "रडू नको. धंद्यापायी विमानानं फिरून फिरून पॉइंट साचले हायेत माह्यापाशी. त्यातून तुले तिकीट काढतो. पण आपण लिहून देलेल्या पाचच नावांवर ते निघते, अन् पाचही भरले हायेत. एक काढा लागन."

त्यांचा अंगठा यादीतल्या एका नावावर थांबला.

"सुशीला, माही बायको. तीन वर्सं झाले जाऊन. तिले विमानात बसवीन म्हणून जमवून राह्यलो होतो."

मग त्यांनी ते नाव पुसलं आणि माझं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी आईजवळ होतो. "इतक्या बेगीन तुका कोणी धाडल्यान?" तिनं विचारलं. त्या गडबडीत व्यापाऱ्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

"सुशीलाबाईंनी," मी म्हणालो.

आईनं पडल्यापडल्या हात जोडले. त्याच दुपारी ती गेली.