साडूभाऊंची पाहणी समिती

नवरा म्हणून जन्माला आलेला माणूस आयुष्यभर एकाच माणसावर जळतो आणि तो माणूस म्हणजे साडू, असं माझं ठाम मत आहे. माझे साडू तर माणसाला जळवावं म्हणूनच पृथ्वीवर आले असावेत. शारजात आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे. गल्फला येण्यापूर्वी ते एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेत पाहणी समितीचे कारकून होते. पाणी, कचरा, दिवाबत्ती नीट चालतेय का हे चार-पाच नगरसेवकांनी बघायचं आणि साडूंनी इतिवृत्त लिहायचं. "समितीला एक नळ बदलायचा अधिकार नव्हता हो," ते अभिमानाने सांगत, "फक्त विचारायचा होता. पण नीट विचारलेल्या प्रश्नाला भलेभले टरकतात."

दुबईला देऱ्यात एका बांधकाम कंपनीत ॲडमिनला लागले, तरी ही खोड गेली नाही. लिफ्ट बंद पडली की आम्ही वॉचमनवर ओरडायचो. हे आधी तिसऱ्या मजल्यावरच्या गुडघेदुखीवाल्या आजींना गाठणार, मग वॉचमनला, मग मेकॅनिकला चहा पाजून त्याचं ऐकणार आणि शेवटी स्वतः अर्धा तास लिफ्टमधून वरखाली करून वहीत लिहिणार. माझ्या वाढदिवसाला पंगत उठल्यावर त्यांनी पाहुण्यांना गंभीरपणे विचारलं, "श्रीखंड शेवटच्या पानापर्यंत पोचलं का?" सगळे हसले. वाढदिवस माझा, श्रीखंड माझं आणि कौतुक यांचं! बायको तर मी जरा आवाज चढवला की म्हणायची, "भाऊजी बघ किती शांतपणे विचारतात." आणि मुलगी, "बाबा, यू जस्ट शाउट. काका लिसन्स."

मंदी आली, क्रेन जागच्या जागी थांबल्या आणि गाड्या विकलेली माणसं देऱ्याच्या बसला उभी राहू लागली. आमच्या स्टॉपवर एक बाक होता, छप्पर नव्हतं. साडूंनी ते प्रकरण हाती घेतलं. "इथे समित्या काढायच्या नसतात," मी बजावलं. "समिती कसली? चार माणसं आणि एक वही," ते म्हणाले. चार माणसं म्हणजे एक केरळी नर्स, एक पठाण टॅक्सीवाला, आमचा वॉचमन आणि ते स्वतः. मला कुणी विचारलंच नाही. "तुम्ही कुठे बसने जाता?" इति साडू.

मी इरेला पेटलो. संबंधित ऑफिसला कडक इंग्रजीत तीन परिच्छेदांचा ईमेल टाकला. उत्तरात आभार आले. साडूंनी मात्र कोण, कधी, किती वेळ उभं राहतं ते आठवडाभर टिपलं. बसच्या ड्रायव्हरलाही विचारलं. तो म्हणाला, ट्रॅफिकपुढे माझा इलाज नाही. तेव्हा 'बस वेळेवर यावी' ही मागणी त्यांनी स्वतःच खोडली. "जे त्यांच्या हातात नाही ते मागितलं, की हातात आहे तेही मिळत नाही." उरलं एक पान. ते घेऊन ऑफिसात गेले, तर तिथल्या तरुण अरबी अधिकाऱ्याने त्यांची ती कडू कॉफी, गहवा, पाजला, 'इन्शाल्ला' म्हणाला आणि पुढच्या आठवड्यात चक्क भर दुपारी येऊन आमच्या बाकावर बसला! सात मिनिटांत रुमाल काढून घाम पुसायला लागला. मी आठवडाभर जेवलो नाही नीट. शिवाय कामाच्या दिवशी या माणसाला एवढ्या सुट्ट्या मिळतात तरी कशा?

मग एका सोमवारी मलाच केबिनमध्ये बोलावलं. नोकरी खलास. कंपनीची गाडी तिथेच ठेवावी लागली. घरी सांगितलं, गाडी रास अल खोरला गॅरेजमध्ये आहे. दुसऱ्या दिवसापासून टाय लावून बस पकडायची, देऱ्यात खाडीकाठी लाकडी जहाजांतून उतरणारी पोती बघत हिंडायचं आणि संध्याकाळी दमल्यासारखं परतायचं. आठव्या दिवशी ऊन सोसेना. अकरालाच परत आलो. बाकावर साडू बसले होते. वही मिटलेली.

"ऑफिसला नाही गेलात?" मी विचारलं.

"दोन महिने झाले. नोटिशीवर ठेवलंय, पण येऊ नका म्हणाले. तुम्ही?"

"गेल्या सोमवारपासून."

ते सरकले. मी बसलो. विचारलं, "घरी ताईंना काय सांगितलंत?"

"जे झालं ते. त्याच संध्याकाळी. ती म्हणाली, घरात बसून सुकू नका, समितीचं काम करा. डबा देते रोज."

त्या गहव्यावर मी जळलो नव्हतो इतका या डब्यावर जळलो. एवढं साधं वाक्य हा माणूस त्याच संध्याकाळी घरी बोलू शकला होता.

"सांगून टाका," ते म्हणाले. "प्रश्न विचारेल ती. विचारू द्या."

मी वर गेलो आणि बायकोला सांगितलं. तिने खूप प्रश्न विचारले. मी एकदाही आवाज चढवला नाही.

महिनाभरात मला जुन्यापेक्षा लहान, गाडी नसलेली, पण नोकरी मिळाली. साडूंना मिळाली नाही. शाळांना सुट्टी लागली तसं त्यांचं बिऱ्हाड गावी गेलं. हिवाळ्यात स्टॉपवर छप्पर चढलं. मी मुद्दाम फोन केला. वाटलं, लांबी-रुंदी विचारतील.

"कोण कोण बसतं आता तिथे?" त्यांनी विचारलं.

नर्स दुसरीकडे राहायला गेली होती, पठाण कायमचा मुलखात परतला होता, वॉचमन नवा होता. मी एकेक सांगत गेलो.

"आणि तुम्ही?"

"मी आहे ना," मी म्हटलं, "मी बसतो."