एका लिटरचं वजन

चाळीस किलो कॉस्टिक टाकायचं होतं, मी चाळीस लिटर ओतलं.

बमरोलीच्या डाइंग मिलमधली गोष्ट. पॉलिएस्टरच्या साडीचं कापड मऊ पडावं म्हणून आम्ही ते गरम कॉस्टिकमध्ये थोडं झिजवतो. त्या दिवशी ते थोडं झिजलं नाही. मशिनमधून निघालं ते कोळ्याचं जाळं.

आमचं कॉस्टिक म्हणजे पाण्यात विरघळवलेला कॉस्टिक सोडा, पातळ द्रव, पण पाण्यापेक्षा जड. एवढं साधं. आणि मी कोण, तर बारावी सायन्स. घनतेची व्याख्या आजही झोपेत म्हणून दाखवीन. शेजारच्या मशिनवरचे देवरामआप्पा म्हणाले होते, "मास्तरला विचार." मी म्हणालो, "त्यात काय विचारायचं, आप्पा?"

खरं म्हणजे पूर्वी एकदा विचारलं होतं. मास्तर म्हणजे आमच्या रंगाईखात्याचा प्रमुख. रोज तो किलोचे लिटर केबिनमध्ये बसून करायचा नि आम्हाला नुसता लिटरचा आकडा द्यायचा. कसं करता, म्हटलं. "तुझे क्या करना है? बाल्टी उठा." कापडाचं जाळं झालं त्या दिवशी तो घाईत होता, किलोतच सांगून गेला. वजनकाटा त्याच्या केबिनमध्ये. आमच्याकडे बादली.

पाळी सुटताना त्याने मला गेटवर नेलं. तेच जाळं माझ्या डोक्यावरून पदरासारखं घातलं. "बारहवीं साइंस. देखो सब." लिंबायतच्या आमच्या गल्लीतली माणसं समोरून गेली. काही हसली. मीही हसलो. ते माझं हसणं मला अजून गिळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर आला. "पचीस लीटर डाल."

मी बादली खाली ठेवली. "एका लिटरचं वजन किती, साहेब?"

"डालता है कि गेट दिखाऊँ?"

"गेट काल बघितलं. वजन सांगा."

कापड मशिनमध्ये, वाफ चढलेली. आप्पांनीही आपली बादली खाली ठेवली. मास्तरने एकदा वाफेकडे बघितलं. मग थुंकल्यासारखा बोलला, "डेढ़ किलो."

एवढंच. एवढा एक आकडा लपवून ठेवायचा, आणि चुकलो की पदर घेऊन उभं करायचं.

टाकीवरच्या भिंतीवर मी रंगाने लिहिलं: एक लिटर, दीड किलो. हातभर अक्षरं. पुसलं तर परत लिहीन. मला काढून टाकलं तर पलीकडे सचिन गावातल्या एखाद्या मिलमध्ये लिहीन. आत काय आहे ते न सांगता दिलेली बादली मी आता उचलणार नाही.

आप्पा अक्षरांकडे बघत होते. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. ते गावाकडच्या बोलीत म्हणाले,

"काल हाई तोंड कोठे ठेयेल व्हतं तुनं?"