कचकड्याच्या दोन बांगड्या

सासरी लाखेच्या बांगड्यांचं काम होतं. हिंगोलीत घराची ओसरी हेच आमचं दुकान. मी आतल्या बाजूला बसून लाख मळायची, पण गिऱ्हाईकाशी बोलायची नाही. लाजच तशी होती.

एकदा सेनगावकडच्या बंजारा तांड्यावरची एक बाई फडक्यात कचकड्याच्या जुन्या बांगड्यांचे तुकडे घेऊन आली. तिच्या मेलेल्या आईच्या होत्या. सायीसारखा पिवळसर रंग. महिन्याने मुलीचं लग्न होतं आणि त्याच कचकड्याच्या दोन बांगड्या तिला मुलीच्या हातात घालायच्या होत्या.

"बाजारात प्लास्टिकच्या मिळतात की," सासरे म्हणाले.

"त्या चुन्यावानी पांढऱ्या. त्यात माझी माय कुठून येईल?"

"ही लाख न्हाई, बाई. आमच्यानं व्हायचं न्हाई."

ती फडकं बांधू लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करून बघते." सासऱ्यांनी वळून पाहिलं. गिऱ्हाईकासमोर माझा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

माझा भाऊ तंबूच्या सिनेमात मशीन चालवायचा. जुन्या फिल्मही कचकड्याच्याच; त्या तुटल्या की जोडायच्या औषधात कचकडा विरघळतो, हे त्याने मला एकदा गंमत म्हणून दाखवलं होतं. त्याच्याकडून बाटली आणली. तुकडे कुटून भिजवले, ते खिरीसारखे झाले. मग बांगडीच्या मापाच्या दोन लाकडी रुळांवर रोज एक पातळ थर द्यायचा आणि वाळू द्यायचा. डोकं दुखायचं त्या वासाने.

रंग तोच उतरला. फक्त एक बांगडी जरा वाकडी सुटली. लाखेची बांगडी वाकडी झाली की निखाऱ्यावर शेकायची आणि रुळावर फिरवून गोल करायची, एवढंच माझ्या हाताला ठाऊक. मी ती चिमट्यात धरून शेगडीवर नेली. आधी कापरासारखा वास आला. मग भप्पकन जाळ. बोटं भाजली, बांगडीचं काहीच उरलं नाही.

तुकडे संपले होते. लग्नाला चार दिवस होते.

ती ठरल्या दिवशी आली. सांगायचं मलाच होतं. बांगडी फुटली तर आम्ही वाढली म्हणतो. जळालेल्या बांगडीला काय म्हणायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

"एक जळाली. माझ्या हातानं."

ती म्हणाली, "म्हंजे माझ्या मायला दोनदा जाळलं म्हण की. आता पोरगी एकाच हातानं नवरी व्हईल काय?"

"ही दुसरी रुंद आहे. मधोमध गोल चिरत नेली तर दोन कडी होतील. तडकली तर एकही राहणार नाही. तुम्ही म्हणाल तसं."

ती खाली बसली. "चीर. पण माझ्यासमोर."

करवतीचं पातं तापून पुन्हा जाळ होऊ नये म्हणून मी ते पाण्यात बुडवून बुडवून चिरू लागले. थोड्या वेळाने सासरेच तांब्या घेऊन आले आणि वरून धार धरली. शेवटच्या बोटभर जागेला टक असा आवाज झाला. माझा हात थांबला. तिने मान हलवली, तसं पुन्हा पातं चालवलं. दोन कडी माझ्या ओंजळीत पडली. एक जाड, एक बारीक.

तिने दोन्ही आपल्याच मनगटात घालून फिरवून पाहिल्या.

"सारख्या न्हाईत."

"न्हाईत."

"जाडी उजव्या हातात घालीन. कामाचा हात तो." मग उठता उठता म्हणाली, "अन् तू काहून रडून राहिलीस? लग्न माझ्या पोरीचं हाय."