शेवटच्या चित्रातली झोप

आप्पा कळंबजवळच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. माझ्या जन्माआधी त्यांनी मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक केलं होतं. गोष्ट चार ओळींची. एका मुलीचं कोकरू हरवतं. ती विहिरीला, बाभळीला, बैलाला विचारत रानभर हिंडते आणि दमून घरी येते, तर कोकरू गोठ्यातच असतं. त्याच्या अंगावर डोकं टेकून ती झोपून जाते. बारा चित्रं होती. पुस्तक खूप चाललं. नव्वद सालाच्या सुमारास मी शाळेत होते, तेव्हा शाळेच्या पुस्तकांच्या पेटीत त्याच्या तीन प्रती होत्या, हाताळून कोपरे गेलेल्या.

त्यातली मुलगी म्हणजे माझी थोरली बहीण. पुस्तक छापून यायच्या आधीच ती गेली, सात वर्षांची असताना. ती गेल्यानंतर तीन वर्षांनी मी झाले. घरात तिचा फोटो नव्हता. ती कशी दिसायची, हे मलाही इतर पोरांसारखं पुस्तकावरूनच माहीत. मेंदूज्वर झाला होता, एवढं मावशीनं सांगितलं होतं. आई-आप्पा तिचं नाव काढत नसत, आणि आपणही विचारायचं नाही हे मला कुणी न शिकवता कळलं होतं.

दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांनी पुण्याहून एक दिग्दर्शिका आमच्या घरी आली. पस्तिशीची असेल. लहानपणी हे पुस्तक उशाशी घेऊन झोपायचे, म्हणाली, आणि आता तिला त्याचा सिनेमा करायचा होता, खऱ्या माणसांचा, खऱ्या मेंढरांचा. आप्पा तेव्हा निवृत्त झाले होते. ते नाही म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी तिला दोनदा चहा पाजला आणि हो म्हणाले. आई आतून बाहेर आली नाही.

मी तेव्हा बालवाडीत शिकवत होते. दिग्दर्शिकेनं मला संवादांचं काम दिलं, कारण तिची पात्रं फारच पुणेरी बोलायची. बारा चित्रांचा दीड तासाचा सिनेमा करायचा म्हणजे खूप काही नव्यानं घालावं लागणार होतं. तिनं मुलीला एक आजोबा दिले, एक भांडकुदळ शेजारीण दिली. पण एका गोष्टीशी ती सारखी अडायची. शेवटचं झोपेचं चित्र सोडलं तर प्रत्येक चित्रात मुलगी समोर न बघता थोडी डावीकडे, पानाच्या बाहेर बघते. तिथं काय आहे? तिनं आप्पांना विचारलं. सवय असते एकेकाची, असं म्हणून आप्पांनी विषय बदलला.

ती पुढच्या खेपेला आली तेव्हा आप्पा बाहेर गेले होते. आई ओट्यावर मटार सोलत होती. दिग्दर्शिकेनं तिच्यापुढं पुस्तक धरलं आणि तोच प्रश्न विचारला. आईनं हात पुसले, पण पुस्तकाला लावले नाहीत.

"माझ्याकडं बघायची ती," आई म्हणाली. "एका जागी बसंना, म्हनून मी ह्यांच्या मागं हुबी ऱ्हायची. हातात चिंच घेऊन."

गाडीत बसताना दिग्दर्शिकेनं मला विचारलं, काकू सिनेमात काम करतील का, नुसतं दारात उभं राहायचं. मी आईला विचारलं. पुस्तकात नव्हते, सिनेमात कशाला, असं म्हणून ती परत मटार सोलायला लागली.

चित्रीकरण निमगाव सावाकडं झालं. मेंढरं तिथल्याच एका कुटुंबाची होती. मुलगी पुण्याची, चुणचुणीत, आणि अजिबात बहिणीसारखी न दिसणारी. मला त्यानं बरं वाटलं. काम लांबत गेलं आणि कोकरू मोठं झालं. दुसरं आणलं, तेही वाढलं. सगळे वैतागले, तेव्हा मेंढरांचे मालक दिग्दर्शिकेला म्हणाले, "बाई, ह्ये काय पुस्तकातलं न्हाई. जितं हाय, वाढनारच."

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत.

ते रोज माझ्याबरोबर यायचे, खुर्चीवर बसायचे, कुणाच्या मध्ये पडायचे नाहीत. शेवटच्या चित्राचं काम होतं त्या दिवशी दिग्दर्शिकेनं पुस्तक उघडून स्टँडवर ठेवलं होतं. सगळं हुबेहूब हवं होतं तिला: तसंच गवत, तसाच दुमडलेला हात. चित्रात मुलीचे गाल लाल आहेत. मेकअप करणाऱ्या बाईनं पुस्तकात बघून मुलीच्या गालांना लाली लावली आणि मुलगी कोकराला टेकून डोळे मिटून पडली.

आप्पा उठले. दोन पावलं पुढं आले.

"गाल पुसा तिचे," ते म्हणाले.

पण चित्रात तर, असं दिग्दर्शिका म्हणाली. आप्पांनी तेच पुन्हा सांगितलं आणि थेट रस्त्याला लागले. मी पिशवी उचलून मागोमाग धावले.

आम्ही एसटीनं नारायणगावला आलो. कळंबकडची गाडी यायची होती. स्टँडवरच्या बाकावर बसल्यावर आप्पा माझ्याकडं न बघता बोलायला लागले. अकरा चित्रं झाली होती, बारावं राहिलं होतं. प्रकाशकाची घाई होती. त्या दुपारी माझी बहीण पेंगुळली होती, आणि त्यांना वाटलं, बरं झालं, झोपेचंच चित्र आहे. ती गवतावर पडली ती हललीही नाही. इतकी शहाण्यासारखी ती कधीच बसली नव्हती. गाल लाल दिसले तसे त्यांनी रंगवले. रात्री झटके आले. मंचरला नेलं, तिथून पुण्याला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

"दोन तास बसवली मी तिला," आप्पा म्हणाले. "ताप होता, बाळा. मी रंग कालवत बसलो."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मेंदूज्वरात दोन तासांनी काय फरक पडणार होता, असं काहीतरी. पण गाडी लागली, माणसं दाराशी लोटली आणि मी त्यांचा हात धरून जागा शोधत राहिले. आईला यातलं सांगू नको, असं ते म्हणाले नाहीत, पण मी सांगितलं नाही.

सिनेमा पुण्यात आठवडाभर लागला. आप्पा गेले नाहीत. पुढं दोन वर्षांनी हृदयविकारानं ते वारले. त्यानंतर चार-एक महिन्यांनी एका रविवारी दुपारी सिनेमा टीव्हीवर लागला. मी बंद करायला उठले, तर आई म्हणाली, राहू दे. पदर तोंडाला लावून तिनं तो पुरा बघितला. शेवटी मुलगी कोकराला टेकून झोपली.

"हिचे गाल लाल न्हाईत," आई म्हणाली.

मग मी तिला सगळं सांगितलं, नारायणगावच्या बाकावरचं.

"मीच म्हनले व्हते, आजच्या आज पुरं करा," ती म्हणाली. "सकाळी न्हाऊ घातलं तवा अंग गरम लागलं व्हतं माझ्या हाताला. म्हनलं, उन्हाचं आसंल."

सकाळीच अंग गरम होतं, हे आप्पांना माहीत होतं का, मी विचारलं. तिनं नाही अशी मान हलवली.

"त्ये मलाच बोल लावत्यात, आसं वाटायचं मला. म्हनून कदी तिचं नाव काडलं न्हाई."

टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या होत्या. मी तो बंद केला. आई तशीच बसून होती. मग मीही तिच्याजवळ खाली बसले.