रजेवरचा संघ

आष्ट्याच्या आमच्या फुटबॉल क्लबचा इतिहास मी लिहावा, असे मंडळींनी सुचवले तेव्हा मी संकोचलो. चाळिशी उलटल्यावर ज्या शाळामास्तराने प्रथम चेंडूला पाय लावला, त्याने इतिहास काय सांगावा? शिवाय हा इतिहास वर्षांत मोजता येत नाही. तो रजांत मोजावा लागतो. क्लब काढला गावातल्या एका जवानाने. पलटणीत शिकलेला खेळ त्याने सुटीत माळावर आणला. तो आला की सराव सुरू होई; तो गेला की पोरे पुन्हा कबड्डीकडे वळत. त्यामुळे आमचे बचावपटू धावत येणाऱ्या गड्याचा घोटा सवयीने धरत आणि पंच तितक्याच सवयीने पेनल्टी देत. लीगशी आमचा संबंध नव्हता. निमंत्रण येईल त्या स्पर्धेला जायचे आणि पहिल्या फेरीत हरून यायचे, हाच शिरस्ता.

गेल्या साली मात्र माधवनगरच्या स्पर्धेत आम्ही अंतिम फेरी गाठली. कुणालाच खरे वाटेना. अडचण एकच होती: सामन्याच्या दिवशीच जवानाची रजा संपत होती, आणि संध्याकाळी मिरजेहून त्याची गाडी होती. आपल्या क्लबला एकदा तरी स्पर्धा जिंकताना पाहावे, एवढीच त्याची इच्छा होती. दुपारी सामना उरकून तो सहज स्टेशन गाठणार होता. पण प्रमुख पाहुणे उशिरा आले, आणि आल्यावर बोललेही भरपूर.

मैदानाच्या कडेला त्याचा चुलतभाऊ मोटारसायकलवर बसून होता. टाकीवर हिरवी बॅग. पहिला गोल समोरच्या संघाने केला. मग जवानाने दुरून असा फटका हाणला, की जाळीच्या मागे बसलेली माणसे दचकून उठली. एक-एक!

उत्तरार्ध रंगात आला आणि चुलतभाऊ ओरडू लागला, "आरं, गाडी काय तुझ्या सासऱ्याची हाय व्हय? चल की!"

जवान बाहेर आला. बाकावर मी एकटाच उरलो होतो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, भ्यायचं न्हाई. त्यो सात नंबर हाय न्हवं, तुमी फकस्त त्येच्या म्होरं उभं रावा. चेंडूकडं बघू बी नगासा." आणि बुटांसकट तो मोटारसायकलवर मागे बसला.

मी सात नंबरसमोर उभा राहिलो. तो डावीकडे गेला, मी डावीकडे. तो उजवीकडे, मी उजवीकडे.

"आवं काका, सावलीला उभं ऱ्हायलाय व्हय माझ्या?" तो वैतागून म्हणाला.

मी नम्रपणे "हो" म्हटले. एरवी अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलताना माझी जीभ अडखळते. त्या क्षणी मात्र हा सामना कधी संपूच नये, असे वाटत होते. सात नंबर माझ्याशी हुज्जत घालत असतानाच पलीकडच्या बाजूने आमचा कबड्डीतला चढाईपटू चढाईच्याच वेगाने घुसला आणि त्याने चेंडू जाळीत ढकलला. थोड्याच वेळात शिट्टी झाली. आम्ही जिंकलो होतो!

तेवढ्यात चुलतभावाचा फोन आला: गाडी लेट आहे. बक्षीस समारंभ आम्ही जवळजवळ पळवलाच. चषक हाती पडताच सगळे टेम्पोत चढलो. मिरजेच्या फलाटावर चिखलाने माखलेला आमचा संघ धावत शिरला, तेव्हा गाडी नुकतीच लागली होती. जवान खिडकीशी होता. चषक दरवाजातून आत दिला गेला. त्याने तो मांडीवर घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मान खाली घातली. शेजारचे प्रवासीही टाळ्या वाजवू लागले. आणि गाडी सुटली.

चषक आत, आम्ही बाहेर.

"आरं, चषक!" कुणीतरी ओरडले; पण पळायला कुणाचा पायच उचलेना. आम्ही नुसते हसत राहिलो.

तो फिरता चषक होता, हे संयोजकांनी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितले. येत्या स्पर्धेला तो परत करावा लागेल. मी जवानाला कळवले, तर तो म्हणाला, "मग सायबाला सांगतो की सर. चषक जमा करायचाय, रजा पायजे."

अर्ज त्याने दिला आहे. आम्ही रोज माळावर सराव करतो.