दुष्टकाकांची नवी भूमिका

गल्लीत त्यांना सगळे दुष्टकाका म्हणत, कारण उभा जन्म त्यांनी सिनेमात दुष्टपणा करण्यात घालवला होता. तरुणपणी ते मिशा पिळणारे जमीनदार असत. पुढे लोकांचा राग कारखानदारांवर वळला, तेव्हा काकांच्या मिशा गेल्या आणि तोंडात चिरूट आला. मग पुढाऱ्यांना शिव्या घालायचे दिवस आले आणि काका पांढऱ्याशुभ्र कपड्यांत फिती कापू लागले.

यंदा त्यांना एका तरुण दिग्दर्शिकेने बोलावलं. "कपडे घरचेच घाला, काका," ती म्हणाली. "तुम्ही कामावरून येता, खुर्चीत बसता आणि चहा मागता. बायको तापाने फणफणलीय."

काका पुढचं ऐकायला थांबले. "बरं, आणि दुष्टपणा कधी करायचा?"

"झाला की!"

हिरमुसल्या तोंडाने काकांनी हे घरी सांगितलं. काकू म्हणाल्या, "घ्या ते काम. लग्न झाल्यापासून तालीम चाललीय तुमची."

सिनेमा लागला. जमीनदाराने अख्खं गाव पेटवलं तेव्हाही पडल्या नव्हत्या एवढ्या शिव्या त्या एका चहाला पडल्या. काकूंनी तर चक्क शिट्टी मारली.

थिएटरात काकांच्या शेजारच्या खुर्चीतले म्हातारे गृहस्थ गोंधळून कुजबुजले, "यात त्याचं चुकलं काय हो?"

"मलाही तेच कळत नाहीये!" काकांना अगदी भरून आलं.

काकू उठल्या आणि पुढच्या रांगेत ओरडणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसल्या.